लेफ्ट बॅकला उजवा पाय

ऑक्टोबर 2021 मधली रविवारची रात्र, नऊची मॅच. अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूल आणि मँचेस्टर सिटी. कोल्हापुरात मंगळवार पेठेत मित्राच्या घरी माडीवरच्या खोलीत आम्ही सगळे जमलो होतो. निम्मे आमच्या वयाचे, निम्मी त्याच्या पुतण्याच्या कॉलेजातली पोरं. लिव्हरपूलचा ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड जायबंदी होता, म्हणून राइट बॅकला, म्हणजे मागं बचावात उजव्या कडेला, जेम्स मिल्नर उतरला होता. वय 35. त्याच्या समोर डाव्या कडेनं येणारा सिटीचा फिल फोडन 21 वर्षांचा. पहिल्या दहा मिनिटांतच काय होणार ते दिसू लागलं. फोडन चेंडू पायाशी घेऊन थांबायचा, खांदा हलवायचा, आणि मिल्नर अर्धं पाऊल उशिरा वळायचा. त्याला पिवळं कार्ड मिळालं. दुसऱ्या हाफमध्ये फोडननं त्याच कडेनं गोल केला. पुढं बर्नार्डो सिल्व्हाला पाडल्यावर दुसरं पिवळं मिळायलाच हवं होतं, ते मिळालं नाही. पलीकडं सिटीचा कोच गार्डिओला रागानं लाल झाला होता. मग लिव्हरपूलच्या मोहम्मद सलाहनं चौघांना वळसे घालून तो अफाट गोल केला, खोलीतल्या खुर्च्या उलथल्या, आणि दोनच मिनिटांत मिल्नरला बाहेर बोलावल्याचा बोर्ड वर गेला. मागून एक पोरगं म्हणालं, "सुटलो एकदाचे." दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्या माझ्या डोक्यातून जाईनात.

पोरं वाईट नव्हती. त्यातल्या एकाच्या अंगात लिव्हरपूलचा लाल शर्ट होता आणि मॅचवर त्याचा खरा जीव होता. शिवाय त्याचं म्हणणं खोटंही नव्हतं. मिल्नरला त्या दिवशी फोडन झेपत नव्हता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. तो बाहेर गेल्यावर तीनच मिनिटांत सिटीच्या डी ब्रॉयनाचा फटका अंगाला लागून आत गेला आणि मॅच 2-2 झाली, तेव्हा त्याचं खापर मिल्नरवर फोडता येत नव्हतं, एवढंच. मला खुपलं ते वेगळं. ज्या माणसाला त्याच्या जागेवरून उचलून दुसऱ्याच्या जागी उभं केलं, त्याचा हिशेब आपण त्या दुसऱ्याच्या तराजूत करतो आणि वर वयाचं माप टाकतो. मॅच संपल्यावर रात्री उशिरापर्यंत आमची जी हुज्जत चालली, ती याच मुद्द्याभोवती फिरत राहिली. "टीमला त्याचा उपयोग काय?" असं पोरं विचारत होती. आम्ही जुनी उदाहरणं काढत होतो, आणि कुणी कुणाचं ऐकत नव्हतं.

ही हुज्जत नवी नव्हती. 2016-17 च्या अख्ख्या मोसमात ती चालली होती, आणि तेव्हा ती जास्त चुरशीची होती. आदल्या मोसमात मिल्नर मँचेस्टर सिटी सोडून लिव्हरपूलला आला होता. सिटीत त्याला कधी या कडेला, कधी त्या कडेला, कधी चक्क सेंटर फॉरवर्डला खेळवलं होतं. मिडफिल्डच्या मधोमध खेळायला मिळावं ही त्याची इच्छा तेव्हा सगळीकडं छापून आली होती. लिव्हरपूलमधल्या पहिल्याच वर्षी त्यानं लीगमध्ये 11 असिस्ट, म्हणजे ज्यावर गोल झाला असे पास, दिले. तिशीत पाऊल टाकलेल्या मिडफिल्डरनं आणखी काय करायचं असतं? पण 2016 च्या ऑगस्टमध्ये आर्सेनलविरुद्धच्या पहिल्या मॅचला लेफ्ट बॅक आल्बर्टो मोरेनोनं थिओ वॉलकॉटला पाडून पेनल्टी दिली. ती गोलकीपर मिन्योलेनं अडवली, तरी लगेच त्याच बाजूनं वॉलकॉटचा गोल झाला. लिव्हरपूलनं ती मॅच 4-3 जिंकली, पण मोरेनोची जागा गेली. क्लबनं नवा लेफ्ट बॅक विकत घेतला नव्हता. सादियो माने आणि वाइनाल्डम आले होते, मिडफिल्डमध्ये गर्दी झाली होती. कोच क्लॉपनं मिल्नरला डाव्या कडेला, मागं नेऊन उभं केलं.

मिल्नर उजव्या पायाचा. ज्यांनी कधी लेफ्ट बॅक खेळला असेल त्यांना यातली गोम सांगायला नको. चेंडू तुमच्याकडं रेषेलगत येतो. डाव्या पायाचा माणूस तो घेता घेता पुढं सरकतो, मान वर करतो आणि क्रॉस मारतो. उजव्या पायाच्या माणसाला आधी चेंडू आत ओढावा लागतो, कंबर वळवावी लागते, मग पाहावं लागतं. त्यात एखाद-दुसरा सेकंदच जातो. तेवढ्यात समोरचे तीन बॅक आपापल्या जागी येऊन उभे राहतात. त्यात लिव्हरपूलला डाव्या बाजूला पुढं कुटिन्हो, तोही उजव्या पायानं आत येऊन फटका मारणारा. म्हणजे दोघंही आतच वळणार, आणि डावी कड मोकळीच राहणार. बर्नलीला त्यांच्या मैदानावर चेंडू ऐंशी टक्के वेळ लिव्हरपूलकडं होता, आणि हरले 2-0. त्या मोसमात पहिल्या सहांतल्या एकाही टीमनं लिव्हरपूलला लीगमध्ये हरवलं नाही. पण गोलसमोर दहा माणसांची भिंत करून बसणाऱ्या टीमपुढं ते अडकायचे. हल, स्वान्सी, क्रिस्टल पॅलेस. असं झालं की बोटं मिल्नरकडं वळायची. लेफ्ट बॅकला डावा पाय असता तर भिंत फुटली असती, असा तो युक्तिवाद. मला तो अर्धा पटायचा, आजही अर्धा पटतो.

उरलेला अर्धा मात्र पटत नाही. मोरेनोच्या जागी तो आल्यापासून लिव्हरपूलच्या त्या बाजूचा जो घोर लागायचा तो गेला, हे मॅच बघणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. लीगच्या 38 पैकी 36 मॅच तो खेळला. पेनल्टीही तोच मारायचा, लीगमधले सातही गोल पेनल्टीवरचे. मोसमाच्या शेवटी लिव्हरपूल 76 गुणांवर चौथं आलं आणि चॅम्पियन्स लीगमध्ये परतलं. पुढची तीन वर्षं ज्या काही रात्री आम्हाला बघायला मिळाल्या, त्यांचं दार तिथं उघडलं. मे महिन्यात साउदम्प्टनविरुद्ध त्याची एक पेनल्टी अडवली गेली, मॅच 0-0 सुटली. दुसऱ्या दिवशी गटातल्या चर्चेत तीच. बाकीच्या वर्षाची आठवण एकालाही नव्हती.

माझे मामा शिवाजी पेठेत राहायचे आणि पेठेतल्याच एका तालमीच्या फुटबॉल टीमकडून खेळायचे. फॉरवर्ड. शाहू स्टेडियमवर तेव्हाही आत्ताइतकीच गर्दी व्हायची. दुपारी चारच्या मॅचला गॅलरीतल्या फरशीचा चटका चड्डीतून लागायचा, आणि शेंगदाण्याच्या पुड्या संपायच्या आत कुणाचं तरी कुणाशी वाजलेलं असायचं. पेठेचा फॉरवर्ड म्हणजे पेठेचा जावई, अशी त्यांची वट होती. हॉटेलात चहाचे पैसे कुणी घेत नसे. मग वय झालं, पळणं कमी झालं. एका मोसमात तालमीच्या बॅकचा पाय मोडला आणि मामांना मागं खेळायला सांगितलं. त्यांनी मान डोलावली. नाही म्हणायची पद्धतच नव्हती.

मी तेव्हा शाळेत होतो. गोलच्या मागच्या बाजूला तारेच्या जाळीला नाक लावून उभा राहायचो, त्यामुळं मामा आता माझ्यापासून हाताच्या अंतरावर खेळायला लागले याचा मला आनंदच झाला होता. तिथून मला जे दिसलं ते गॅलरीतून दिसत नाही. चेंडू पलीकडच्या गोलसमोर असताना मामा सारखी मान वळवून मागं बघायचे. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं, परत डावीकडं. त्यांच्या मागं कुणी नसलं तरी. चेंडू आला की अंग पुढं झुकायचं, जन्मभर झुकत आलं होतं तसं, आणि मग त्यांना आठवायचं की आता पुढं नाही, मागं सरायचं आहे. तेवढ्या वेळात समोरचं विशीतलं पोरगं बाजूनं निघून जायचं. त्यांची टाच मातीत घासल्याचा आवाज मला ऐकू यायचा. गॅलरीतून ओरडा व्हायचा, "मामा, बास की आता! घरात बसा!" ओरडणारे आमच्याच पेठेचे असायचे. विरोधी पेठेतले शिव्या द्यायचे, त्या लागत नव्हत्या.

रात्री आजी त्यांच्या गुडघ्याला तेल लावून द्यायची. एकदा मी विचारलं, तुम्हाला चेंडू एवढा चांगला येतो, मग मागं का जमत नाही? मामा रागावले नाहीत. म्हणाले, "आरं, पायाला सगळं येतंय. अंगाला येत न्हाई. पुढं खेळताना मी ठरवायचो आन् बॅक वळायचा. आता ते पोरगं ठरवतंय आन् मला वळाय लागतंय." मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाले, "आन् फॉरवर्डनं धा चुका केल्या तरी एक गोल मारला की खांद्यावर घेत्यात. बॅकनं एक केली की संपलं." तालीम त्या वर्षी वाचली, खालच्या गटात गेली नाही. त्याचं श्रेय कुणाला गेलं ते मला आठवत नाही. मामांना गेलं नाही, एवढं पक्कं आठवतं.

त्यामुळं जानेवारी 2019 मध्ये क्रिस्टल पॅलेसविरुद्ध मिल्नरला राइट बॅकला बघितलं तेव्हा मी टीव्हीच्या जरा जास्तच जवळ सरकून बसलो होतो. समोर विल्फ्रेड झाहा होता. इंग्लंडमधल्या भल्या भल्या बॅकना ज्याची धास्ती, तो. पहिला गोल झाहानं मिल्नरला चकवूनच तयार केला, टाउनसेंडनं मारला. मॅचभर तो याच्या अंगावर येत राहिला. 89 व्या मिनिटाला मिल्नरनं त्याला पाडलं, दुसरं पिवळं, मग लाल. रेफ्री जॉन मॉस एके काळी मिल्नरच्या शाळेत त्याचे खेळाचे शिक्षक होते, ही गोष्ट त्या दिवसानंतर सगळ्यांच्या तोंडी झाली, आणि गंमत म्हणून ती सांगितली जाते. पण त्याच मॅचमध्ये लिव्हरपूलच्या तिसऱ्या गोलच्या वेळी बाहेर जाणाऱ्या चेंडूमागं रेषेपर्यंत पळत जाऊन क्रॉस टाकणारा हाच माणूस होता. पॅलेसच्या गोलकीपरचे हात चुकले आणि सलाहनं चेंडू आत ढकलला. मॅच 4-3 सुटली. तेहतीस वर्षांचा मिडफिल्डर, राइट बॅकला, सव्वा तास झाहाच्या मागं पळून झाल्यावर. मामांचं अंग पुढं झुकायचं ना, मला तेच दिसलं. मागं ठेवलेल्या माणसाच्या अंगातला मिडफिल्डर मरत नाही. त्याचा त्रासही होतो आणि त्याच्यातूनच तो क्रॉसही येतो.

अशी उदाहरणं शोधायला लागलं की बरीच सापडतात, आणि प्रत्येकाचं तोंड वेगळीकडं असतं. जर्मनीचा लोथार माथेउस मिडफिल्डचा राजा, 1990 चा विश्वविजेता कर्णधार. पुढं लिबेरो, म्हणजे सगळ्यात मागचा मोकळा बॅक, म्हणून मागं गेला आणि 1999 च्या चॅम्पियन्स लीग फायनलला 38 व्या वर्षी बायर्नकडून उभा होता. तो 80 व्या मिनिटाला बाहेर आला, आणि मँचेस्टर युनायटेडचे ते दोन गोल नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाईच्या वेळात झाले. मागं गेल्यानं त्याची कारकीर्द वाढली, कुणी त्याला बिचारा म्हटलं नाही. डर्क कौट हा नेदरलँड्सचा स्ट्रायकर, 2014 च्या वर्ल्ड कपमध्ये मेक्सिकोविरुद्ध डाव्या कडेचा विंगबॅक. देशाकडून त्याची ती 100 वी मॅच, त्या उकाड्यात. त्याच मॅचमध्ये पुढं तो उजवीकडं बॅकला गेला आणि शेवटी पुन्हा पुढं. ती टीम हरता हरता जिंकली. आणि वेन रूनी. 2016 च्या युरोमध्ये इंग्लंडनं त्याला मिडफिल्डमध्ये खेळवलं. उजवीकडं लांब लांब पास टाकायचा, बघायला देखणे, आणि त्यावर इंग्लंडभर वाद. आइसलँडविरुद्ध सुरुवातीलाच पेनल्टीवर गोल करूनही नंतर त्याच्याकडून साधे पास चुकत गेले आणि इंग्लंड घरी गेलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच्या क्लबच्या, मँचेस्टर युनायटेडच्या, नव्या कोचनं, मोरिन्योनं सांगून टाकलं की माझ्याकडं रूनी कधीही गोलपासून 50 मीटर लांब खेळणार नाही. दाबाशिवाय सुंदर पास तर मीही देतो. मला मोरिन्यो फारसा आवडत नाही, पण त्या वाक्यात खेळाडूबद्दलचा मान होता असं मला वाटतं. तू जिथं घडलास तिथं मी तुला बघणार, नाहीतर बाकावर बसवणार.

रूनीच्या वेळी मात्र एक गोष्ट लक्षात आली. त्याला जागा त्याच्या नावामुळं मिळत होती. कर्णधार, तेव्हा इंग्लंडचा सगळ्यात जास्त गोल करणारा, त्याला वगळायचं कसं, म्हणून मिडफिल्डमध्ये सोय केली. मिल्नरचं उलटं. त्याला वगळणं सोपं होतं आणि फिरवणं त्याहून सोपं. तो कधी कॅमेऱ्यापुढं तक्रार करायचा नाही, फिटनेसच्या चाचणीत पोरांच्या पुढं असायचा, नेमून दिलेलं काम करायचा. त्यामुळं कुठलंही भोक पडलं की ठिगळ म्हणून तोच. ज्या गुणासाठी आपण त्याचं कौतुक करतो त्याच गुणामुळं त्याला स्वतःची जागा कधी मिळाली नाही, आणि यात काहीतरी अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं. भांडखोर खेळाडूला कोच त्याच्या जागीच खेळवतो. मुकाट ऐकणाऱ्याला हलवतो. आमच्या तालमीतही हेच होतं. जो फॉरवर्ड रुसून घरी बसायचा त्याच्या दारात मंडळ जायचं.

2017 च्या उन्हाळ्यात लिव्हरपूलनं हलकडून अँडी रॉबर्टसनला 80 लाख पौंडांत आणलं. डाव्या पायाचा, अस्सल लेफ्ट बॅक. मिल्नर मोकळा झाला. आणि त्या मोसमात, 32 व्या वर्षी, मिडफिल्डमध्ये परतल्यावर त्यानं चॅम्पियन्स लीगमध्ये नऊ असिस्ट दिले. एका मोसमातला तो तेव्हाचा उच्चांक. टीम कीव्हच्या फायनलपर्यंत गेली. वर्षभर लेफ्ट बॅकला झिजवलेला माणूस संपलाय, असं म्हणणारे बरेच होते. त्यांचं काय झालं कुणास ठाऊक, पण मी ते नऊ असिस्ट पोरांना त्या रात्री तोंडपाठ सांगितले. एक पोरगं म्हणालं, "काका, ते तेव्हाचं झालं. आज फोडनपुढं काय?" प्रश्न रास्त होता.

त्याचं माझं उत्तर असं. फोडनपुढं मिल्नर कमी पडला, आणि ते ठरलेलंच होतं. त्याला तिथं उतरवलं कुणी? जो गोमेझ बाकावर होता. वयानं लहान, पायानं जलद, राइट बॅक खेळलेला. शेवटी 78 व्या मिनिटाला त्यालाच आणलं. क्लॉपवर माझी भक्ती आहे, तरी त्या दिवसाचं गणित त्यानं चुकवलं असं मी म्हणेन, आणि ते चुकलं याची किंमत मैदानावर मिल्नरनं भरली. टाळ्या बोर्डाला वाजल्या, त्या कोचला वाजायला हव्या होत्या, जरा लवकर उठ म्हणून. असा प्रयोग जमला की कोच धूर्त ठरतो, फसला की खेळाडू म्हातारा ठरतो. पुढं ब्रायटनला गेल्यावर, सदतिसाव्या वर्षी, मिल्नर सिटीविरुद्ध परत राइट बॅकला होता आणि समोर जेरेमी डोकू. पोरगा वाऱ्यासारखा जायचा. त्याही रात्री वयाचीच चर्चा झाली.

इतकं सगळं ठामपणे बोलून मी अडकतो तो एका ठिकाणी. मे 2019, अ‍ॅनफिल्डवर बार्सिलोनाविरुद्ध. पहिली मॅच 3-0 हरून आलेलं लिव्हरपूल, आपल्याकडं रात्रीचे साडेबारा, खोलीत पंखा गरम वारा फेकतोय. पहिल्या हाफला 1-0. सुआरेझची लाथ बसून रॉबर्टसन जायबंदी झाला, मध्यंतरानंतर आलाच नाही. त्याच्या जागी वाइनाल्डम उतरला मिडफिल्डमध्ये, आणि मिल्नर, जो मिडफिल्डमध्ये झकास खेळत होता, तो मागं लेफ्ट बॅकला गेला. तीच जुनी जागा, तोच उजवा पाय, आणि समोर मेस्सीची टीम. नवा आलेला वाइनाल्डम दोन मिनिटांत दोन गोल मारून गेला, मग ओरिगी. चार. मी त्या हाफमध्ये बराच वेळ फक्त डाव्या कडेकडं बघत होतो. तो मान वळवून मागं बघत होता का, हे मला बघायचं होतं. बघत होता, पण योग्य वेळी. त्या जागेवरचं ते वर्ष त्याच्या अंगात उतरलं होतं. मामांना एवढा वेळ मिळाला नव्हता. मॅच संपल्यावर मिल्नर रडत होता. ज्या माणसाला सगळे बिनरंगाचा म्हणायचे, तो.

मग मी काय म्हणू? मुरलेल्या खेळाडूला त्याच्या जागीच खेळवा, हे मी आजही वाद घालून सांगेन. वाइनाल्डमचे ते दोन गोल मिल्नर मागं गेला म्हणून झाले, हेही मला माहीत आहे. आणि त्या मध्यंतराला, 1-0 वर, रॉबर्टसन पोटरी धरून बसलेला असताना मी कोच असतो, तर मीही इकडंतिकडं न बघता मिल्नरलाच मागं जायला सांगितलं असतं.